निळी टोपी आणि साडेतीन तासांचं अंतर: यूएन मिशनवर निघालेल्या जवानासाठी

दक्षिण सुदानमधल्या मलकालला दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा कोपरखैरण्यात रात्रीचे आठ झालेले असतात. मी दक्षिण सुदानला होतो तेव्हा हे अंतर अडीच तासांचं होतं. १ फेब्रुवारी २०२१ ला त्या देशानं आपलं घड्याळ एक तास मागं घेतलं आणि तेव्हापासून मध्ये साडेतीन तास पडले. हा हिशेब सुरुवातीलाच देतोय, कारण परमुलखात गेलेल्या जवानाचं दुखणं मी या घड्याळापाशी सुरू होताना बघितलंय. गस्तीवरून आलेला पोरगा अंघोळ, जेवण उरकून रात्री साडेआठला फोन लावतो. इकडं मध्यरात्र झालेली असते. मुलं झोपलेली, बायको दमलेली, आई दचकून विचारते, "काय झालं रे?" काहीच झालेलं नसतं. पण फोन ठेवल्यावर दोन्ही घरांत कुणाला झोप लागत नाही.

आमच्या माथाडी वसाहतीतली बरीच घरं सातारा-सांगलीकडची. बापानं मार्केटात पोती वाहिली, पोरगा फौजेत गेला, असं दर दोन-चार घरांत सापडतं. त्यातल्या कुणाचं पलटणीबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, म्हणजे यूएन मिशनला नाव लागलं की तो सुट्टीत संध्याकाळी दारात येतो. "सुभेदार काका, काय काय न्यावं लागतं?" मग चहा होतो आणि मी सांगत बसतो. दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. उदाहरणं दक्षिण सुदानची आहेत, कारण माझं वर्ष तिथं गेलं. काँगो, अबेई, गोलन, लेबनॉन इकडं गेलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. तुझ्या पलटणीचा आदेश याहून वेगळा असेल तर आदेशच खरा.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे: घरचं पुरतं आवरून जा, आणि पोचलास की पुरता तिथला हो. अर्धा जीव कोपरखैरण्यात ठेवून पहाऱ्याची ड्युटी होत नाही.

निघण्याआधी: कागद

हे काम रटाळ आहे, पण इथं चुकलेली गोष्ट तिथून दुरुस्त होत नाही. सुट्टीतले पहिले चार दिवस यालाच दे, शेवटचे नकोत.

लग्न झालंय आणि त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डवरची नोंद, निघालेली नाही, किंवा मूल झालंय आणि त्याची नोंद नाही, असं असेल तर आधी ते कर. आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि एएफपीपी फंड (फौजेचा प्रॉव्हिडंट फंड) यातलं नॉमिनेशन उघडून बघ. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव असतं आणि ते बदलायचं राहून जातं. मृत्युपत्र करून ठेव. हे ऐकून घरातली बाई माणसं अपशकुन म्हणतील. त्यांना शांतपणे सांग की छत्री घेतली म्हणून पाऊस पडत नाही.

पगाराचं खातं बायकोबरोबर जॉइंट असावं, आणि तिनं ते स्वतः एकदा वापरून बघावं. एटीएम, चेक, फोनवरचं ॲप, सगळं. सिडकोच्या लॉटरीत घर लागलेलं असेल तर हप्त्यांच्या तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव. हप्ता चुकला की दंड लागतो, आणि ताबा नेमका तू नसतानाच निघू शकतो. त्यासाठी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेव. कशाकशासाठी अधिकार दिला ते त्यात स्पष्ट लिहून घे: हप्ता भरणं, ताबा घेणं, सोसायटीत सही करणं. मोघम लिहिलेला कागद घेऊन गेल्यावर खिडकीवरचा माणूस परत पाठवतो.

दवाखान्याचा रस्ता घरच्यांना पाठ करून दे. नुसतं "कुलाब्याला अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल) आहे" म्हणून भागत नाही. एका सकाळी बायकोला घेऊन प्रत्यक्ष जा. कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर, मग हार्बर लाइननं सीएसएमटी, तिथून आर. सी. चर्चकडं जाणारी बस. दारावर कोणतं कार्ड दाखवायचं, ओपीडी कुठं, औषधं कुठं मिळतात, हे तिनं तू बरोबर असताना बघितलं तर तापलेलं लेकरू घेऊन एकटी जाताना ती गोंधळणार नाही. रात्री-अपरात्री तेवढ्या लांब जाता येणार नाही, म्हणून घराजवळचं एक हॉस्पिटल आणि हाकेला ओ देणारा एक शेजारी ठरवून ठेव. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. घरच्यांवर काही अडचण आली, जमिनीचा वाद उपटला, कुणी दाद देईना, तर तिथं जायचं हे त्यांना माहीत असू दे.

अंग तयार करणं

आफ्रिकेतल्या मिशनसाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून धरलं जातं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. ते पिवळं कार्ड प्रवासाच्या कागदांबरोबर ठेव आणि त्याचा फोटो घरीही ठेव. परतीच्या वेळी विमानतळावर कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवू शकतात. वर्षभरानं घराच्या इतकं जवळ येऊन तिथं अडकणं फार जिवावर येतं.

दातांकडं कुणी लक्ष देत नाही. किडलेला दात, अर्धवट झालेलं रूट कॅनल, सगळं इथं संपवून जा. लांबच्या तळावर दात ठणकायला लागला तर हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते, आणि पावसाळ्यात हेलिकॉप्टरचंही खरं नसतं.

पळायचं म्हणशील तर पाम बीच रोडचा सपाट रस्ता वेळ मोजायला चांगला, पण तो तुला तयार करत नाही. घणसोलीच्या गवळीदेव डोंगरावर किंवा ठाण्याकडं राहत असशील तर येऊरच्या चढावर पाठीवर वजन घेऊन जा. तिथल्या गस्तीत सरळ पळणं थोडं आणि सामान घेऊन चालणं जास्त असतं.

उन्हाचं नीट समजून घे. आपल्याकडचा उन्हाळा दमट. अंगाला घाम चिकटतो, म्हणून तहान कळते. मलकालकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि हवा एवढी कोरडी असते की घाम आला कधी नि वाळला कधी ते कळत नाही. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात तेव्हा कळतं. अंगाला तिथल्या उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या दिवसांत बहाद्दुरी दाखवायची नाही. लघवी पिवळीजर्द झाली तर पाणी कमी पडतंय, आणि नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, ओआरएस घ्यायचं.

पेटीत काय

वजनाची मर्यादा पलटण सांगेल. मी फक्त लोक काय विसरतात ते सांगतो. रबरी चपला दोन जोड, कारण तिथं पहिली जोडी चिखलात तुटते. हेडलॅम्प. नायलॉनची दोरी. सुई-दोरा आणि बटणं. साध्या चश्म्याचा नंबर असेल तर दुसरा चष्मा. मुलांचे छापलेले फोटो, कारण फोन बंद पडतो. पितळेचा हाताएवढा गणपती.

खाण्याचं विचारतात सगळे. यूएनचं रेशन भरपूर असतं. माणशी दिवसाला ४,५०० कॅलरीचा हिशेब धरलेला असतो. तांदूळ, पीठ, डाळ, गोठवलेलं चिकन, फळं, ज्यूस येतं. भूक भागते, चव सुटते. लंगरात, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, तीनचार राज्यांचे लोक असतात, तेव्हा आपल्यासाठी वेगळं काही मागू नये. घरचा कांदा-लसूण मसाला अर्धा किलो, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि आमसुलं एवढं कोरडं सामान ने. त्या चिमूटभर मसाल्यानं रविवारची डाळ आपली होते.

लोणचं नेऊ नकोस. मी नेलं होतं. आईनं बरणीला फडकं बांधलं, वरून प्लॅस्टिक, वरून सुतळी. विमानात पेट्या आडव्या झाल्या. उघडून बघितलं तर तेल खालपर्यंत झिरपलेलं, आणि सगळ्यात खाली नवीकोरी निळी बेरे, म्हणजे यूएनची लोकरीची टोपी. हळदीचा तो डाग मी तीन वेगवेगळ्या साबणांनी घासला, उन्हात ठेवला, परत घासला. लोकर विटली, डाग तसाच राहिला. पहिल्या परेडला मी दुसऱ्याची बेरे मागून घातली, आणि ती माझ्या डोक्यावर नीट बसली नव्हती.

बेरे बसवायची पद्धतही सांगतो. नवी बेरे ताठ आणि केसाळ असते. वरचा लोकरीचा भुसका जुन्या ब्लेडनं हलक्या हातानं काढायचा. कोमट पाण्यात भिजवायची, गरम पाण्यात नाही, आटते. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची. मग ओलीच डोक्यावर घालून आरशासमोर आकार द्यायचा आणि तशीच अर्धा-पाऊण तास ठेवून सावलीत वाळवायची. दोनदा केलं की ती तुझी होते.

इथलं प्रशिक्षण गंभीरपणे घे

दिल्लीत सन २००० पासून यूएन शांतिसेनेसाठीचं आपलं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं आणि पलटणीत मिळून तयारी होते. ज्यानं काश्मीर किंवा ईशान्येत ड्युटी केलीय त्याला वाटतं, मला काय शिकवणार? शिकायचं असतं ते वेगळंच. तिथं कुणी तुझा शत्रू नसतो. दोन गट भांडत असतात आणि तू दोघांच्या मध्ये उभा असतोस. शांतिसेनेची तीन तत्त्वं तोंडपाठ कर: संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण व मँडेटचं (मिशनला नेमून दिलेल्या कामाचं) रक्षण सोडून बळाचा वापर नाही. दक्षिण सुदानच्या मँडेटमध्ये सामान्य लोकांना वाचवण्यासाठी बळ वापरायची मुभा आहे. ती कधी, कशी, किती, हे खिशातल्या कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड फक्त तपासणीसाठी ठेवायचं नसतं. दोघांनी समोरासमोर बसून प्रसंग रचायचे. "गेटवर जमाव आलाय, पुढच्या दोघांच्या हातात बंदूक आहे, मागं बायकापोरं आहेत. काय करशील?" एकानं विचारायचं, दुसऱ्यानं तोंडानं उत्तर द्यायचं. प्रत्यक्ष वेळी विचार करायला सेकंद मिळतात, त्यामुळं उत्तर आधीच जिभेवर पाहिजे.

एका बाबतीत स्पष्ट बोलतो. स्थानिक बायका-मुलींशी पैसे, रेशन, नोकरी, कशाच्याही बदल्यात संबंध, याला यूएनमध्ये अजिबात माफी नाही. १८ वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत "मला वय माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. २००३ पासून हा लेखी नियम आहे. पण मला नियमापेक्षा दुसरं सांगायचंय. त्या तळाबाहेर राहणाऱ्या बाईनं युद्धात घर गमावलेलं असतं, आणि ती तुझ्या निळ्या टोपीकडं भरवशानं बघते. तो भरवसा मोडणारा माणूस माझ्या लेखी फौजी नाही.

रेडिओवर सगळं इंग्रजीत चालतं, आणि पलीकडचा माणूस घानाचा, रवांडाचा किंवा मंगोलियाचा असतो. तुझं इंग्रजी त्याला कळत नाही, त्याचं तुला. म्हणून अक्षरं आणि आकडे स्वच्छ बोलायची सवय लाव. मी सराव ठाणे-बेलापूर रोडवर बसच्या खिडकीत बसून केला. समोर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर पुटपुटायचा: माईक हॉटेल फोर थ्री, म्हणजे एमएच ४३. एमएच झिरो फोर आली की कळायचं, ही ठाण्याची. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत शंभरेक नंबर होतात. बाजूचा प्रवासी बघतो, बघू दे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: तिथं वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं, गाडीचं स्टिअरिंग डावीकडं. यूएनची वेगळी परीक्षा देऊन परमिट मिळतं. गाडी दोन दिवसांत जमते, पण चालताना माणूस चुकतो. आपल्याला रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं बघायची हाडामासात सवय असते. तिथं गाडी डावीकडून येते. पहिले पंधरा दिवस रस्त्याकडं पाऊल टाकताना मोठ्यानं "डावीकडं" म्हण.

पहिले चाळीस दिवस

पोचल्यावर आधीच्या तुकडीकडून हँडिंग-टेकिंग, म्हणजे ताबा घेणं, होतं. ती तुकडी घरी जायच्या घाईत असते, तू प्रवासानं शिणलेला. तरी या चारपाच दिवसांत त्यांच्या मागं सावलीसारखा फिर. यादीतलं सामान अधिकारी मोजतील. तू त्यांच्या जवानांना यादीत नसलेलं विचार. कोणत्या खंदकात पाणी शिरतं? कोणत्या नाल्यात गाडी रुतते? गेटवर रोज येणारा म्हातारा कोण? कुठल्या कंटेनरखाली साप दिसला? ही माहिती त्यांच्याबरोबर विमानात बसून निघून जाते.

राहायला पत्र्याचे कंटेनर असतात, दोघे किंवा चौघे मिळून. पहिल्या दिवशी खाट, पेटी, मच्छरदाणी यांची जागा ठरव आणि बदलू नकोस. रात्री वीज गेली, सायरन वाजला, तर बूट, हेल्मेट, जॅकेट अंधारात हाताला लागलं पाहिजे. डोळे मिटून तीनदा सराव कर. बूट घालण्याआधी उलटा करून आपट, विंचू बसलेला असतो.

दिवस साधारण असा बसव. पहाटे ऊन चढायच्या आत पीटी. त्यानंतर हत्यार आणि वैयक्तिक साफसफाई, मग ड्युटी. दुपारी बारा ते तीन जमेल तितकं सावलीत. संध्याकाळी व्हॉलीबॉल किंवा कबड्डी, सूर्य मावळला की पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मच्छर पळवणारं मलम. झोपायची वेळ ड्युटीमुळं बदलते, उठायची शक्यतो बदलू नकोस. पीटीला पहिला आठवडा निम्मा वेग. मी आमच्या सेक्शनमधल्या सगळ्यात चपळ पोराला तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटरच्या रनमध्ये कोसळताना बघितलंय. तो कच्चा नव्हता, घाईचा होता.

फौजेच्या फिटनेस टेस्टची तयारी तिथंही सोडू नकोस. वर्षभर गाडीत बसून गस्त घालून पोट सुटलेले लोक परत आल्यावर पलटणीत मागं पडतात. जागा थोडी असते, तरी तळाच्या कुंपणाच्या आतून फेऱ्या मारता येतात, दोरी चढता येते, मातीच्या गोण्या उचलता येतात. फायरिंगची संधी कमी मिळते म्हणून कोरडा (गोळीशिवायचा) सराव रोज दहा मिनिटं कर, शिस्त हातात राहते.

प्रथमोपचारावर सगळ्यात जास्त वेळ घाल. यूएनमध्ये जखमीसाठी १०-१-२ असा हिशेब आहे: १० मिनिटांत जागच्या जागी उपचार, १ तासात पुढचे प्रगत उपचार, २ तासांत शस्त्रक्रिया. यातली पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतात, तुझी आणि तुझ्या बडीची, म्हणजे जोडीदाराची असतात. टूर्निके (रक्त थांबवायचा पट्टा) एका हातानं, स्वतःच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही दंडांवर, अंधारात आवळता आली पाहिजे. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात यूएनच्या ताफ्याला संरक्षण देताना आपले पाच सैनिक घात लावून केलेल्या हल्ल्यात गेले. ताफ्याचा सराव सुरू झाला की मी पोरांना ही तारीख सांगायचो. त्यानंतर कुणी कंटाळल्याचं तोंड केलं नाही.

दर तिमाहीला पलटणीनं स्वतःच्या देशातून आणलेल्या सामानाची (सीओई) यूएनकडून तपासणी होते, तिलाच सगळे सीओई म्हणतात. गाडी चालू स्थितीत आहे का, जनरेटर, तंबू, पाणी शुद्ध करायचं यंत्र चालतंय का, यावर देशाला मिळणारी भरपाई ठरते. तुझ्या वाट्याचा आगीचा सिलिंडर किंवा गाडीची टूलकिट छोटी वाटेल, पण ती तशी नाही.

मलेरिया

इथं मी हात जोडून सांगतो. तिथला मलेरिया फाल्सिपेरमचा, मेंदूत जाणारा. गोळी कोणती ते तुझा आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, ठरवेल. रोजची डॉक्सीसायक्लिन असेल तर जेवणावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळतं. तिनं ऊन जास्त लागतं, तेव्हा मान आणि कान झाक. आठवड्याच्या मेफ्लोक्विननं काहींना विचित्र स्वप्नं पडतात. तसं झालं तर गोळी गुपचूप बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं. गोळी खाऊनही मच्छरदाणी लागतेच, तिची कड गादीखाली खोचलेली पाहिजे. ताप आला की लगेच तपासणी, सकाळची वाट बघायची नाही. आणि परत आल्यावरही डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन दोन्ही ४ आठवडे चालू ठेवायच्या असतात. घरी आल्यावर बंद करणारेच जास्त सापडतात.

गस्त, चिखल आणि माणसं

मलकालची माती बघून मी खाली बसलो होतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी रेगूरच ती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, आणि पहिला पाऊस झाला की बुटाला एवढी चिकटते की पाऊल उचलताना दोन्ही हातांनी गुडघा ओढावा लागतो. साधारण मे ते ऑक्टोबर मोठा पावसाळा. त्या काळात रस्ते बंद होतात, चाळीस किलोमीटरला दिवस लागतो. फावडं, फळ्या, दोर गाडीत वर ठेव, तळाशी नको. रुतलेल्या गाडीच्या चाकापुढं आधी हातानं माती काढायची, मग फळी. जोरात रेस केली की गाडी आणखी बसते. ज्यानं गावी बैलगाडी चिखलातून काढलीय त्याचं ऐका, मग तो सेक्शनमध्ये सगळ्यात धाकटा असला तरी.

मळलेली वाट सोडायची नाही. लघवीलासुद्धा झाडामागं जायचं नाही. लाल-पांढरे रंगवलेले दगड दिसले तर लाल बाजूला सुरुंग, पांढरी बाजू साफ केलेली.

वाटेत स्थानिक सैनिकांचे नाके लागतात. कागदावर यूएनला सगळीकडं फिरायची मुभा आहे, पण नाक्यावरच्या पोराच्या हातात रायफल असते आणि कधी त्याला महिनेन् महिने पगार मिळालेला नसतो. गाडी लांब थांबवायची, काळा चष्मा काढायचा, बोट ट्रिगरपासून लांब, आणि दुभाष्याला आधी बोलू द्यायचं. आवाज चढवायचा नाही. अर्धा तास लागला तर लागू दे.

चार शब्द शिकून जा. जुबा अरबीत, म्हणजे दक्षिण सुदानच्या बोलीत, नमस्काराला सलाम, पाण्याला मोया, चांगलं म्हणजे कुवेस, आभाराला शुकरान. आपला साबण, किताब, दुनिया हे शब्द अरबीतूनच आलेले, ते तिथं कानावर पडले की हसू येतं. काँगोच्या पूर्व भागात किस्वाहिली चालते, तिथं औषधाला दावा, दुकानाला दुका, बातमीला हबारी. मात्र किस्वाहिलीतलं घड्याळ वेगळं. दिवस सकाळी सहापासून मोजतात, तेव्हा म्हातारबा म्हणाले "सा मोजा", म्हणजे "एक वाजता", तर तो सकाळचा सात समजायचा. या एका गोष्टीवरून भेटी चुकतात.

डिंका आणि नुएर लोकांचं सगळं जगणं गायीभोवती. लग्नात मुलीच्या घरी द्यायचं मोल गायींचं, दंड गायींचा, भांडणंही गायींवरून. त्यांच्या गोठ्याच्या तळावर जाऊन गायीचा फोटो काढू नकोस. आधी गायीची विचारपूस कर. आमच्यातला पाटणकडचा एक पोरगा वाकलेल्या शिंगाच्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवून दुभाष्याला म्हणाला, "विचार, याला पोळ्याला सजवतात का?" दुभाष्याला पोळा समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला. बैलाच्या मालकानं मग आपल्या बैलासाठी रचलेलं गाणं म्हणून दाखवलं. त्यानंतर त्या तळावरून कुठल्या बाजूला गडबड आहे याची खबर आम्हाला आधी मिळायची. आपले फौजी पशुवैद्य तिथं जनावरांवर उपचार करतात, त्या शिबिराला ड्युटी लागली तर आनंदानं जा.

गाडीतून मुलांकडं बिस्किटं फेकायची नाहीत. दया येते हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी ती मुलं चाकांपुढं धावतात. बायकांशी बोलायचं असेल तर आपल्या महिला सैनिकांनी बोलावं. पुरुषांसमोर न निघणाऱ्या गोष्टी त्यांच्यासमोर निघतात: सरपणाला जाताना कुठल्या वाटेवर भीती वाटते, कुठल्या विहिरीवर त्रास होतो. त्यावरून गस्तीची वाट बदलते. काँगोत हेच काम मन लावून केल्याबद्दल मेजर राधिका सेन यांना यूएनचा २०२३ सालचा लष्करी जेंडर ॲडव्होकेट पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या ज्या मुली फौजेत जातायत त्यांनी ही वाट लक्षात ठेवावी.

मधले महिने

पहिले दोन-तीन महिने नवलाईत जातात. ९० दिवस झाले की यूएनच्या मेडलला पात्र होतोस, परेड होते, फोटो घरी जातात. त्यानंतरचे चौथा-पाचवा-सहावा महिना जड. तोच पत्रा, तीच डाळ, तोच चिखल. यूएनचा रोजचा हातखर्च माणशी १.२८ डॉलर, त्याच्यात फारशी मौजही होत नाही. या काळात लोक उगाच चिडतात, मसाल्याच्या डबीवरून भांडतात. त्याहून काळजी गप्प होणाऱ्याची करायची. जो व्हॉलीबॉलला येईनासा झाला, फोन झाल्यावर पांघरूण तोंडावर ओढतो, त्याच्या खाटेवर जाऊन बस. विचारपूस नको, पत्ते काढ. दोन दिवसांनी तो बोलेल. नाहीच बोलला तर सीनियर जेसीओंच्या (सुभेदार साहेबांच्या) कानावर घाल. याला चुगली म्हणत नाहीत.

फोनचं असं ठरव. तिथले दुपारी साडेचार, इथले रात्रीचे आठ, आठवड्यातून तीन ठरलेले वार. मुलं जागी असतात, जेवणं व्हायची असतात. रोज बोलायला गेलास तर बोलायला काही उरत नाही आणि एक दिवस चुकला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. नेट गेलं तर पुढच्या ठरलेल्या वारापर्यंत काळजी करायची नाही, हे आईला आणि बायकोला आधीच समजावून सांग. गस्त कधी, कुठं, किती जण, हे फोनवर किंवा स्टेटसवर कधीच नाही. "उद्या बाहेर जातोय" हेसुद्धा नाही.

बायकोला काय सांगायचं आणि काय नाही, यावर माझं मत सांगतो. सगळं लपवलं की आवाजातून कळतंच, मग ती मनात दुप्पट रंगवते. "आज कठीण दिवस होता, मी ठीक आहे, आल्यावर सांगेन" एवढं खरं बोल. आणि तिच्याकडच्या कठीण दिवसाचंही ऐकून घे. पाण्याची टाकी, शाळेची फी, सासूचं दुखणं, हे सगळं ती एकटी बघत असते. तिथून सल्ले देत बसू नकोस.

गणपतीत मन सगळ्यात जास्त इकडं धावतं. आम्ही तो पितळेचा गणपती लंगराच्या कोपऱ्यात बसवला, जेवणाच्या ताटाचे टाळ केले. केरळचा स्वयंपाकी नारळ किसायला बसला आणि मोदक त्यानंच वळले, आमच्यात कुणाला कळ्या पाडता येत नव्हत्या. घाना आणि नेपाळचे अधिकारी आरतीला येऊन उभे राहिले. त्या रात्री मी घरी फोन केला नाही, गरज वाटली नाही.

परतताना

निघायच्या आधी तुझ्या जागी येणाऱ्याला दे, जे तुला हवं होतं: नाल्याची खूण, म्हाताऱ्याचं नाव, सापाची जागा. एका वहीत लिहून ठेवलंस तर उत्तम.

घरी आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हेच सांगायचं. डॉक्टर डेंग्यू धरून चालेल, मलेरिया तपासायला तू सांगायचंस.

दीड-दोन वर्षांचं मूल तुला ओळखणार नाही. उचलून घेण्याची घाई करू नकोस. माझी मुलगी चार दिवस आईच्या पदराआडून बघत होती. फोनमधले बाबा तिला ठाऊक होते, दारातले नाही. पाचव्या दिवशी मी जमिनीवर बसून बूट पॉलिश करत होतो. ती आली, ब्रश उचलला, आणि दुसऱ्या बुटावर घासायला लागली.

रस्ता ओलांडताना आता पुन्हा आधी उजवीकडं बघायचं आहे. कोपरखैरण्याच्या स्टेशनबाहेर पहिला आठवडा कुणाचातरी हात धर.